काळ्या रानात की बरडावर?

गावाकडे घर बांधायचं ठरलं की आधी नकाशा निघतो. हॉल केवढा, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, वर खोली काढायची का, यावर महिनोन्‌महिने बोलणं चालतं. जमिनीविषयी मात्र एकच वाक्य ऐकू येतं, ‘जेसीबी लावून सपाट करून घेऊ.’ घर किती वर्षं नीट उभं राहील, हे मात्र जेसीबी येण्याआधी काय केलं यावर बरंचसं ठरून जातं. म्हणून हा विषय दोघांच्या वादातून मांडतो आहे.

यातले बहीणभाऊ कल्पित आहेत. वाद मात्र गावोगाव होतो. जागा लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातली. आईवडील गेल्यावर मागे राहिलेली ६ एकर जमीन. त्यातली ४ एकर काळी आणि रस्त्याला लागून, २ एकर वरच्या अंगाचं बरड. ताई स्थापत्य अभियंता, पुण्यात नोकरी करून आता निवृत्त झालेली, गावी घर बांधून राहायला येणारी. आबा धाकटा भाऊ, आयुष्यभर हीच जमीन कसलेला. मे महिना आहे.

ताई : आबा, माझी जागा ठरली. रस्त्याला लागून, विहिरीच्या अलीकडं, १० गुंठे. वीज जवळ, पाणी जवळ. उद्या रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दारापर्यंत येईल.

आबा : ताई, ते आपलं सगळ्यात कसदार रान आहे. सोयाबीन काढून हरभरा घेता येतो तिथं. घर वर बरडावर बांध.

ताई : बरडावर? जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथं? मग मी स्पष्टच बोलते. बहिणीच्या वाट्याला गावोगाव हेच येतं. एकतर तहसीलात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, नाहीतर माळाचा तुकडा दाखवायचा. तुझ्या मनात तसं नसेल, पण मला ते दिसतं.

आबा : बोललीस ते बरं झालं, मनात ठेवलं असतंस तर वाईट झालं असतं. निम्मी जमीन तुझी आहे. काळ्यातली निम्मी, बरडातलीही निम्मी. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाएवढा हक्क दिला, २०२० ला सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. मला ते कुणी सांगायला नको. वारसनोंद करून दोघांची नावं सातबाऱ्यावर आणू, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं सहमतीनं वाटणी करू, मोजणी करून खुणा रोवू. पण हिस्सा कोणता आणि घर कुठं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हिस्सा न्यायानं ठरू दे. घर जमिनीला विचारून ठरू दे.

ताई : हे मान्य. मग आता जमिनीचंच बोल.

आबा : खाली बघ. ही भेग बघ, कोपरापर्यंत हात जातो. मृगाचे दोन पाऊस झाले की हीच भेग बुजते आणि रान फुगून वर येतं. दरवर्षी उन्हाळ्यात आक्रसायचं, पावसाळ्यात फुगायचं. त्याच्यावर भिंत उभी केली की ती दरवर्षी वरखाली होणार. वावरातल्या खोल्यांच्या भिंतींना तिरक्या चिरा गेलेल्या तूही पाहिल्या आहेस.

ताई : पाहिल्या आहेत, आणि त्याचं कारणही मला माहीत आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. तपासायची रीतही सोपी आहे. चाळून वाळवलेली १०-१० ग्रॅम माती दोन काचेच्या नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दिवसभर तसंच ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या उंचीतला फरक म्हणजे त्या मातीचा फुगवटा. आणि फुगवटा कितीही असला तरी त्यावर उपाय आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत साडेतीन मीटर किंवा जास्त खोल भोक पाडायचं, तळाशी ते कंदासारखं रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. वरची माती हलते त्या पट्ट्याच्या खाली पाया रोवला जातो. काळ्या मातीत बांधताच येत नाही, असं म्हणू नकोस.

आबा : येत नाही म्हणत नाही. किती पडेल ते सांग.

ताई : इथं काळी माती किती खोल आहे?

आबा : विहीर खणली तेव्हा पाहिलंय. ५ फूट काळी, त्याखाली दीडदोन फूट चुनखडीची पांढरट माती, मग मुरूम.

ताई : म्हणजे पाइल न करता माती काढायची म्हटलं तर... ४० बाय ३० फुटांचं जोतं, १२०० चौरस फूट. ५ फूट खोल. ६००० घनफूट, म्हणजे ६० ब्रास माती बाहेर. तेवढा मुरूम आत, आणि दाबल्यावर तो बसतो म्हणून थोडा जास्तच.

आबा : तो मुरूम बाहेरून विकत आणायचा, स्वामित्वधनाची पावती असलेला. आणि बरडावर?

ताई : तिथं किती खाली मुरूम लागतो?

आबा : दीड फूट. काही ठिकाणी तेवढंही नाही.

ताई : दीड फूट धरला तर १८ ब्रास. आणि खालचा मुरूम आयता.

आबा : हेच सांगत होतो. दोन्हीकडं घर उभं राहील. पण एकीकडं अर्धा पैसा मातीशी झगडण्यात जाईल. शिवाय ती माती! इंचभर कसदार माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती उकरून तिच्यावर फरशी घालायची, हे मला सोसवत नाही. आपल्या जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी पेरायला ठेवली, ते उगीच नाही.

ताई : त्या पांढरीवरचीच घरं भूकंपात पडली, आबा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती, पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारी आपल्याच तालुक्यातली. जुन्या लोकांनी दोनदोन, तीनतीन फूट रुंद भिंती बांधल्या, पण चिखलात रचलेल्या दगडांच्या. वर जड मातीचं माळवद. भिंती फुटल्या आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. ५० च्या वर गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. जुनं तेवढं शहाणपणाचं, असं मला कुणी सांगू नये.

आबा : तू म्हणतेस ते खरं आहे. त्या पहाटेनंतर मीही कित्येक महिने अंगणात झोपलो. पण त्यात जागेपेक्षा भिंतीचा दोष मोठा होता.

ताई : म्हणून दोन्ही बघायला हवं. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या मानकात तो तिसऱ्या विभागात आला. म्हणजे जोत्याला, लिंटलला आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा सलग फिरवायलाच हवा. आणि संपूर्ण घराचा पाया एकाच जातीच्या जमिनीवर हवा. बरडावर बांधायचं तर तिथली जमीन तू कशी तयार करणार?

आबा : त्यात काय अवघड! उतार आहे, तर जेसीबी लावायचा. वरच्या अंगाचा मुरूम कापायचा, खालच्या अंगाला सारायचा. एका दिवसात सपाट. अक्षय तृतीया गेली, पण पावसाच्या आधी पाया भरून टाकू, दिवाळीला वास्तुशांत.

ताई : इथं मात्र मी तुझं ऐकणार नाही, पावसाच्या आधी पाया भरण्याचंही नाही. तू म्हणतोस तसं केलं तर अर्धं घर कापलेल्या घट्ट मुरमावर येईल, अर्धं सारलेल्या भरावावर. मुरूम हलणार नाही, भराव पहिल्याच पावसाळ्यात खचेल. मग घर बरोबर मध्ये चिरेल. काळ्या मातीत जे होऊ नये म्हणून आपण वर जातोय, तेच वर जाऊन स्वतःच्या हातानं करून ठेवू.

आबा : मग उतारावर बांधायचं कसं?

ताई : पाया पायऱ्यांनी उतरवायचा. प्रत्येक खड्डा मूळच्या, न हललेल्या मुरमात किमान फूटभर तरी शिरला पाहिजे, मग खालच्या अंगाचे खड्डे जास्त खोल झाले तरी चालतील. भराव येईल तो फक्त जोत्याच्या आत, फरशीखाली. तोही एकदम ओतायचा नाही. सहा-आठ इंचांचा थर, पाणी मारायचं, धुमसानं नाहीतर रोलरनं दाबायचं, मग पुढचा थर. आणि त्या भरावात काळ्या मातीचं ढेकूळसुद्धा नको. कंत्राटदार पायातून निघालेली माती परत आत लोटतात. जोतं झाकलं की दिसत नाही, पण दोन वर्षांनी फरशी उठते तेव्हा कळतं.

आबा : आणि आधी वरची माती?

ताई : वरची दीड फूट माती वेगळी काढून एका बाजूला रचायची. मुरमात मिसळायची नाही. ती तुझ्या रानाला घाल. धसकटं, बोरीबाभळीची मुळं, वारूळ असेल तर तेही खणून काढायचं. लाकूड जमिनीत राहिलं की वाळवी घरात आलीच म्हणून समज.

आबा : बांधावरची चिंच वाटेत येते. ती तोडून टाकू का?

ताई : नको. एकतर ती सावली आहे. आणि चिंच, आंबा, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. घरच चार पावलं सरकवू. झाड पूर्ण वाढून जितकं उंच होईल, निदान तितक्या अंतरावर घर असावं.

आबा : पावसाच्या आधी पाया भरू नको म्हणतेस, ते का?

ताई : पाणी कुठून येतं ते मला माहीत नाही म्हणून.

आबा : ते मला माहीत आहे! वरच्या माळावरचं सगळं पाणी या बाजूनं उतरतं आणि बांधाच्या कोपऱ्यातून आपल्या रानात येतं. मोठा पाऊस झाला की इथं गुडघाभर लोंढा असतो.

ताई : बघ, तू घराची जागा दाखवलीस ती याच वाटेत आहे.

आबा : ... आहे खरी. मग पंचवीस-तीस पावलं पूर्वेला सरकावं लागेल, त्या उंचवट्यावर.

ताई : आणि घराच्या वरच्या अंगाला एक चर काढायचा, पाणी दोन्ही बाजूंनी वळवायला. म्हणून मी पावसाळा जाऊ दे म्हणते. आत्ता घराच्या चार कोपऱ्यांपैकी निदान तीन कोपऱ्यांवर माणूसभर खोल खड्डे घेऊ. माती कुठं संपते, मुरूम कुठं लागतो, ते डोळ्यांनी दिसेल. त्याच खड्ड्यात पाणी ओतून किती वेळात मुरतं ते पाहू.

आबा : हे तर आपल्याकडचं जुनंच आहे. खड्डा खणायचा, तीच माती परत भरायची. उरली तर जागा उत्तम, कमी पडली तर सोडून द्यायची.

ताई : वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ती परीक्षा आहे, पाणी भरून पाहण्याचीही आहे. त्यात शास्त्र आहे. मूळ जमीन घट्ट असेल तर उकरलेली माती फुगून उरते, पोकळ असेल तर कमी पडते. मी त्याला फक्त मोजपट्टी जोडते.

आबा : पाणी मुरण्याचा उपयोग कशाला?

ताई : सांडपाण्याला. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरोघर शोषखड्डे करून गटारं बंद केली, ते तू ऐकलं असशील. शोषखड्डा मुरमात छान चालतो. चिकण काळ्या मातीत पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो. हाही बरडाच्या बाजूचा मुद्दा, तो मी तुला आपणहून देते. फक्त संडासाचा खड्डा आणि शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून किमान ६० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. मुरमातून पाणी लवकर जातं, तसं घाण पाणीही लवकर जातं.

आबा : मग बांधकाम कधी?

ताई : पाऊस संपला की. दसरा-दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं. काँक्रीटला निदान आठवडाभर, शक्यतो दोन आठवडे पाणी मारावं लागतं. ते मे महिन्यात कुठून आणणार? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं घर उन्हाळ्यात बांधायला काढणं म्हणजे प्यायचं पाणी भिंतीला घालणं.

आबा : तुझ्या वाटेचं काय? वर गाडी यायला हवी म्हणत होतीस.

ताई : माझी खरी अडचण तीच आहे. रस्ता खाली, घर वर, मध्ये तुझं रान. आज तू आहेस. उद्या तुझी मुलं, माझी मुलं. तोंडी वाट किती दिवस टिकते?

आबा : तोंडी ठेवायचीच नाही. वाटणीच्या नकाशात बांधाकडेनं १२ फुटांची वाट दोघांच्या नावानं दाखवू. मधलं रान दोघांचं निम्मं निम्मं, वाटेला जमीनही दोघांची जाईल. वाटेचे दावे कलम १४३ खाली तहसीलात वर्षानुवर्षं पडलेले मी पाहिलेत. तिथपर्यंत जायचं नाही.

ताई : आणि वीज? मोटारीच्या शेतीच्या कनेक्शनवर घर चालवता येत नाही, वेगळं घरगुती कनेक्शन घ्यावं लागतं. वर किती खांब लागतील ते महावितरणकडून आधी लेखी घेऊ. तो खर्च बरडाच्या हिशेबात धरायला हवा.

आबा : धर. मुरमाचा वाचलेला पैसा तिकडं लाव.

ताई : रस्त्याकडेच्या जागेचाही एक खर्च आहे, तो मी मघाशी सांगितला नाही. रस्ता कोणत्या वर्गाचा आहे त्यावर घर किती मागं घ्यायचं ते ठरतं, आणि रुंदीकरण आलं तर अंगण जातं. आता शेवटचं. बिनशेतीचं काय? बँकेला कर्ज मागितलं तर पहिला प्रश्न तोच येईल.

आबा : घर शेतातलं आहे, कोण विचारतंय, असं गावात म्हणतात.

ताई : बँक विचारते, विकायची वेळ आली तर घेणारा विचारतो, आणि तक्रार झाली तर तहसील विचारतं. या बाबतीतले नियम गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा बदलले आहेत. गावठाणाजवळ वेगळे, लांब वेगळे. म्हणून ऐकीव माहितीवर जायचं नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा घेऊन तहसीलात जायचं, आजचा नियम विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं. ग्रामपंचायतीतही तसंच.

आबा : म्हणजे बरड ठरलं?

ताई : बरड ठरलं. पण तू दाखवलेली जागा नाही, तू म्हणालास तसं सपाट करून नाही, आणि या पावसाळ्याआधी नाही.

आबा : कबूल. आणि काळ्यातली निम्मी तुझ्या नावावर.

ताई : ती तू कस. मला वर्षाची डाळ पुरव. पण नाव माझं.

संवाद इथे थांबतो. यात कोण जिंकलं हे शोधण्यात अर्थ नाही. आबांना पाण्याची वाट माहीत होती, पण त्याच वाटेत ते घर उभं करायला निघाले होते. ताईंना काळ्या मातीवरचा उपाय माहीत होता, पण ६० ब्रास आणि १८ ब्रास हा हिशेब समोर येईपर्यंत तो उपाय गरजेचा आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. जमिनीचं ज्ञान असं दोन माणसांत वाटलेलं असतं. कसणाऱ्याला तिचं वागणं माहीत असतं, शिकलेल्याला त्याचं कारण. घर बांधणाऱ्याने दोघांनाही बोलवावं.

माझं मत उघड आहे. मराठवाड्यात आणि जिथे जिथे काळी माती खोल आहे तिथे, दुसरी जागा असताना कसदार रानात घर बांधू नये. पिकाला जी जमीन चांगली, ती घराला बहुधा वाईट असते. पिकाला नकोसं असतं ते मुरमाड, निचऱ्याचं टेकाड घर पेलतं. ज्यांच्याकडे काळ्या मातीखेरीज दुसरी जागाच नाही, त्यांनी पायावर खर्च करायला कचरू नये. तिथे वाचवलेला रुपया पुढे भिंतीच्या चिरेतून परत मागितला जातो.

पण याच विचाराचा आधार घेऊन बहिणीला, विधवा भावजयीला किंवा गरीब भाऊबंदाला माळावर ढकलायचं, हे मला मुळीच मान्य नाही. ‘घराला बरडच चांगलं’ हे शास्त्र आहे; ‘तुझा वाटा बरडच’ हा अन्याय आहे. आधी कागदावर सगळ्यांचा हक्क सारखा करा, मग घराची जागा मोकळ्या मनाने निवडता येते. संशय असलेल्या घरात जमिनीविषयी कुणी खरं बोलत नाही, आणि जमिनीविषयी खरं बोलल्याशिवाय पाया नीट पडत नाही.

क्रमही लक्षात ठेवा. पहिल्यांदा वारसनोंद, वाटणी आणि मोजणी. मग वाट, वीज आणि परवानगी, सगळं लेखी. मग तीन खड्डे. मग एक पूर्ण पावसाळा, छत्री घेऊन स्वतः शिवारात उभं राहून पाणी बघण्याचा. त्यानंतर नकाशा आणि सगळ्यात शेवटी जेसीबी. आपल्याकडे हा क्रम बहुतेक उलटा चालतो, आणि घराची बरीचशी दुखणी तिथेच सुरू होतात. यंदा गावी घर काढायचा विचार असेल तर यंत्रवाल्याला फोन करण्याआधी सातबारा उघडा आणि त्यावर बहिणीचं नाव आहे का ते पाहा.